जुन्या पेठांतील सदनिकांच्या जाहिरातींत चटई क्षेत्र छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पुण्याच्या जुन्या पेठांतील सदनिकांच्या विक्रीच्या जाहिराती नियमाने येतात. 'ऐतिहासिक परिसरात, मोठ्या कुटुंबासाठी प्रशस्त तीन बेडरूम, 1,200 चौ. फूट, मोक्याची जागा, पार्किंगसह' असा त्यांचा साधारण मजकूर असतो. त्यातील 1,200 हा आकडा नेमका कशाचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. ते लिहिणे आपण जाहिरातदारांना सक्तीचे करावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे. मी स्वतः सदाशिव पेठेतील आमची राहती सदनिका विकायला काढली आहे. तेव्हा ही तक्रार गिऱ्हाइकाची नाही, विकणाऱ्याची आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

एकाच सदनिकेची तीन मापे बाजारात चालतात. भिंतींच्या आत ज्या फरशीवर आपण वावरतो ते चटई क्षेत्र, ज्याला सगळे कार्पेट म्हणतात. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनी मिळवली की बिल्ट-अप होते. त्यावर जिना, प्रवेशाची मोकळी जागा, लिफ्ट असल्यास तिची खोली, मीटरचा बोळ, असा सगळ्यांच्या वापराच्या जागेचा वाटा प्रत्येक सदनिकेच्या माथी मारला की सुपर बिल्ट-अप किंवा 'सेलेबल' तयार होते. पहिली दोन मापे कोणालाही टेप लावून ताडता येतात. तिसरे ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे ठरवायचे असते, आणि जाहिरातीत येते ते बहुतेक वेळा हेच तिसरे.

आमच्या घराचेच उदाहरण देतो. वाडा पाडून 1980च्या दशकात उभी राहिलेली ही तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे, आणि आमची जागा तिसऱ्या मजल्यावर आहे. मूळ करारनाम्यात क्षेत्र बिल्ट-अपमध्ये दिलेले असल्यामुळे चटई क्षेत्र काढायला घरातच टेप घेऊन बसावे लागले. बाहेरची खोली 19 बाय 12, स्वयंपाकघर 11 बाय 10, दोन झोपण्याच्या खोल्या 13 बाय 11 आणि 12 बाय 11, आणि जिला आम्ही आजवर अभ्यासाची खोली म्हणत आलो, पण एजंट लोक बिनदिक्कत तिसरी बेडरूम म्हणतात, ती 10 बाय 9. त्यात मधला बोळ, न्हाणीघर, संडास आणि आतल्या अर्ध्या विटेच्या भिंती धरून बेरीज 840 चौरस फुटांच्या आसपास येते, म्हणजे साधारण 78 चौरस मीटर. रस्त्याच्या बाजूची बाल्कनी 48 चौरस फुटांची आहे, ती निराळी. माप घेताना कपाटामागची भिंत सोडू नये आणि फरशीलगतच्या पट्टीपासून नाही, तर गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत टेप धरावा, एवढे पथ्य पाळले की दुपारभरात हे काम होते. अवघड असे त्यात काही नाही.

आता हेच 840 जाहिरातीत छापायला दिले, तर काय होते ते पाहा. आमच्याच मापाच्या, आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या इमारतीतील सदनिका त्याच पानावर 1,200 म्हणून छापून येते. वाचणारा दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघतो, आमच्या जागेला लहान समजतो आणि पुढे सरकतो. त्यातूनही ज्याने फोन केला, तो दर विचारतो आणि गार पडतो. उदाहरणादाखल किंमत 1 कोटी 26 लाख धरली, तर 1,200 चौरस फुटांवर दर 10,500 रुपये दिसतो आणि 840वर 15,000 रुपये. रक्कम तीच, खोल्या तेवढ्याच, खिडकीतून दिसणारे गुलमोहराचे झाडही तेच. पण खरे माप छापणारा महागात विकायला बसलेला लोभी माणूस ठरतो. एका मध्यस्थाने मला स्पष्टच सांगितले की, 'काका, कार्पेट लिहू नका, लोक आपोआप त्यात तीस-चाळीस टक्के कमी करून बघतात. तुमचे 840 त्यांच्या डोक्यात 550 होतील.' वाईट वाटले ते एवढ्यासाठी की त्याचा हिशोब व्यवहारात चुकीचा नव्हता. सगळेच फुगवून लिहितात हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून तो प्रत्येक आकड्याला कात्री लावतो, आणि ज्याने फुगवलेला नाही त्याचाही आकडा तीच कात्री कापते. अशा ठिकाणी एकट्यादुकट्या जाहिरातदाराने प्रामाणिक राहून काही साधत नाही. माप सर्वांचे एकच असेल, तरच त्या प्रामाणिकपणाला अर्थ येतो. ते एक करण्याची सोय छापणाऱ्याच्या हाती आहे.

यावर कोणी म्हणेल की, यासाठी कायदा आहे. आहे, पण तो आमच्यापर्यंत पोहोचत नाही. स्थावर संपदा अधिनियम 2016 साली झाला आणि 1 मे 2017पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे: बाहेरच्या भिंती, सामाईक डक्टची जागा, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची वगळायची, आतल्या विभाजक भिंती मात्र धरायच्या. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, क्रमांक आणि संकेतस्थळ छापावेच लागते, आणि 1 ऑगस्ट 2023पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही द्यावा लागतो. आपल्या पहिल्या पानावरच्या पानभर जाहिरातींत ते सगळे कोपऱ्यात असते. परंतु ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला नोंदणीतून सूट आहे. पेठांतले वाडे किती मोठे असतात, हे पुणेकरांना सांगायला नको. अरुंद तोंडाचे आणि आत लांबवर गेलेले भूखंड, त्यात भाऊबंदकीच्या वाटण्या झालेल्या; त्यामुळे वाड्याच्या जागी होणाऱ्या कित्येक इमारती या सुटीतच बसतात. शिवाय, कायदा येण्याआधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती मुळातच त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्याआधीचा 1963चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला वकील मंडळी 'मोफा' म्हणतात, तो बिल्डर आणि पहिला खरेदीदार यांच्यातल्या व्यवहारासाठी आहे. तीस-चाळीस वर्षे राहून झाल्यावर घरमालक जेव्हा आपली सदनिका दुसऱ्याला विकतो, तेव्हा त्याने जाहिरातीत काय लिहावे याबद्दल यांपैकी कोणताच कायदा काही सांगत नाही. जुन्या पेठांत मात्र घरांची खरेदी-विक्री मुख्यतः याच प्रकारची असते.

क्षेत्राखालोखाल मला खटकते ते 'ऐतिहासिक परिसर' या शब्दांमागे दडवलेले वास्तव. परिसर ऐतिहासिक आहे यात वाद नाही. सदाशिवराव भाऊंच्या नावाची ही पेठ आहे, 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे आहे, विश्रामबागवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पेशवाईत कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद ज्या वस्तीने वापरले तीच ही वस्ती. हे सगळे विकत घेणाऱ्याला आवडते आणि आवडावेही. पण इतिहासाच्या जवळ राहण्याचा कायदेशीर भार काही ठिकाणी चांगलाच जड असतो आणि जाहिरातीत त्याचा ठावठिकाणा नसतो. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून पहिल्या 100 मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. शनिवार आणि कसबा पेठांतील कित्येक घरे या पट्ट्यांत येतात. आता 'शनिवारवाड्यालगत, पुनर्विकासास उत्तम वाव' अशी जाहिरात वाचून एखाद्याने मोडकळीला आलेल्या इमारतीत सदनिका घेतली, तर ज्या सान्निध्याचे त्याने जादा पैसे मोजले, त्यामुळेच त्याची इमारत पुन्हा उभी करण्याची वाट अडते. दुरुस्ती परवानगीने करता येते; पाडून नवी बांधायची म्हटले की गाडी अडते. हे विकणाऱ्याला माहीत नसते असे मला वाटत नाही.

नदीकडच्या बाजूचेही तसेच. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर नारायण आणि शनिवार पेठेत पाणी कुठवर चढले होते, हे त्या पिढीतली माणसे अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आता त्यासाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्यांच्या आत बांधकामाला निरनिराळी बंधने आहेत. तळमजल्यावरची जागा घेणाऱ्याला सदनिका कोणत्या रेषेच्या कोणत्या अंगाला आहे, हे कळायला नको काय?

जमिनीचा प्रश्न याहून किचकट आहे, आणि थोडा तपशील दिल्याशिवाय तो समजणार नाही. पुण्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या इमारतींपैकी एक सहकारी गृहरचना संस्था असते आणि दुसरी 1970च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असते. संस्थेत सभासदाकडे भागपत्र असते आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावावर यायची असते. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्र नोंदवलेले असते आणि प्रत्येकाला आपल्या सदनिकेच्या नोंदलेल्या खतासोबत जमिनीतला ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा मिळतो. दोन्हींची कागदपत्रे वेगळी, हस्तांतरणाची रीत वेगळी. संस्थेच्या बाबतीत खरी मेख अभिहस्तांतरणात, म्हणजे जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून घेण्यात, असते. इमारतीला चाळीस वर्षे झाली, संस्था नोंदवली गेली, दरमहा देखभालीचे पैसे गोळा होतात, सर्वसाधारण सभेत चहा-बिस्किटांवर वाद होतात, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव मात्र अजून मूळ वाडामालकाचे किंवा त्याच्या वारसांचे असते. मोफा कायद्यातील 2008च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'डीम्ड कन्व्हेयन्स'चा मार्ग खुला झाला, तरी तो अर्ज आपणहून करावा लागतो, आणि तो न केलेल्या संस्था पेठांत थोड्याथोडक्या नाहीत. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंना इमारतीत जागा दिली असेल, तर ती मालकीने दिली की भाडेपट्ट्यानेच चालू ठेवली, हेही पाहावे लागते. यांतले सगळे चार ओळींच्या जाहिरातीत मावणार नाही, हे मला कळते. 'सोसायटी, कन्व्हेयन्स झालेले' किंवा 'अपार्टमेंट' एवढे मात्र मावते, आणि तेवढ्याने विचारणारा योग्य प्रश्नापासून सुरुवात करतो.

पार्किंगविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितले की, बिल्डरला स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, किंवा उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. तेव्हा पेठेतल्या जुन्या इमारतीत 'पार्किंगसह' याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, आजवर मालक आपली गाडी तिथे लावत आला आणि कोणी हरकत घेतली नाही. संस्थेच्या ठरावाने जागा नेमून दिली असेल तर तसे लिहावे. नसेल तर रस्त्यावरच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या आणि सम-विषम तारखा नव्या मालकाच्याही नशिबी आहेतच. मेट्रोच्या अंतराबद्दलही हीच मौज आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पेठांतली प्रत्येक सदनिका मंडई किंवा कसबा पेठ स्थानकापासून 'पाच मिनिटांवर' आली आहे. ती मिनिटे पायी चालण्याची की स्कूटरची, आणि गणपतीच्या दहा दिवसांत त्यांची किती होतात, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

लिफ्ट नसेल तर तसे लिहावे. आमच्याकडे ती नाही, आणि गुडघ्यांनी नोटीस दिल्यामुळेच आम्ही हे घर विकतो आहोत. तिसऱ्या मजल्यावर येऊन धापा टाकत 'आधी सांगायचे ना' म्हणणारे कुटुंब परत पाठवताना त्यांचाही वेळ जातो आणि आमचाही.

आपल्या बाजूने येऊ शकणारी हरकत मला दिसते आहे. जाहिरातींच्या पानाच्या तळाशी आपण छापताच की, मजकुराच्या खरेखोटेपणाला दैनिक जबाबदार नाही आणि वाचकांनी खातरजमा करून घ्यावी. प्रत्येक सदनिकेत माणूस पाठवून टेप लावण्याची अपेक्षा तुमच्याकडून कोणीही करणार नाही. मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. जाहिरात स्वीकारण्याच्या अर्जात 'चटई क्षेत्र, चौ. फूट' असा एक रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेल, तर सदनिका-विक्रीची जाहिरात घेऊ नये. ज्यांना बिल्ट-अप किंवा सेलेबलही छापायचे आहे, त्यांनी ते चटई क्षेत्राच्या पुढे, त्याच नावाने छापावे. खोटा आकडा देणारे तरीही निघतील. पण आज निनावी 1,200 लिहिणाऱ्याला कोणी खोटे म्हणू शकत नाही, कारण त्याने ते कशाचे हेच सांगितलेले नाही. 'चटई 1,200' असे छापून आल्यावर घर पाहायला आलेला माणूस खिशातून टेप काढील आणि बोलणे तिथेच सरळ होईल. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक 2 आता घरबसल्या पाहता येते आणि तीत क्षेत्र नमूद असते, त्यामुळे ताडून पाहणेही पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही. जुन्या दस्तांत ते बिल्ट-अपमध्ये असू शकते, एवढे लक्षात ठेवावे लागते इतकेच.

दुसरी हरकत उत्पन्नाची असेल. नियम कडक केला, तर जाहिरातदार दुसऱ्या दैनिकाकडे किंवा मोबाइलवरच्या अॅपकडे जातील, ही भीती अगदीच निराधार नाही. मात्र पेठेत घर शोधणारी बरीच कुटुंबे अजून रविवारचे पान समोर पसरून, पेन्सिलीने खुणा करत जाहिराती वाचतात. आणि ज्या पानावरच्या सगळ्या आकड्यांची तुलना करता येते, त्या पानाकडे ती वळतील, असा माझा अंदाज आहे. विकणाऱ्यांचेही तसेच. आकडा फुगवण्याची गरज उरली नाही, तर तो न फुगवणे बहुतेकांना बरेच वाटेल. आपल्या शेजाऱ्याने 1,200 लिहिले म्हणून नाइलाजाने 1,200 लिहिणारे मी पाहिले आहेत, आणि ती काही लबाड माणसे नव्हेत.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. छोट्या जाहिरातींचे पैसे शब्दांवर मोजले जातात, आणि 'प्रशस्त' हा एक शब्द असतो, तर 'चटई क्षेत्र 840 चौ. फूट, बाल्कनी 48, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संस्थेचे कन्व्हेयन्स झालेले' याचे चौदा शब्द होतात. म्हणजे आज तपशील देणाऱ्याला दंड आणि न देणाऱ्याला सवलत, अशी व्यवस्था आहे. सदनिका-विक्रीच्या जाहिरातीत क्षेत्र, मजला, लिफ्ट, जमिनीची स्थिती आणि पार्किंग यांच्यापुरते शब्द आकारणीतून वगळावेत, अशी विनंती मी आपल्या जाहिरात विभागाला स्वतंत्र पत्राने केली आहे. त्यावर संपादक या नात्याने आपलाही शेरा पडावा.

आपला,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे